'कोरस'चं पहिलं कव्हर

भिंगारच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्याच्या अर्ध्या भागात प्रज्ञाचा कॉम्प्युटर. म्हणजे दुकान माझं, पण गर्दी तिची. हे कुणी मला तोंडावर म्हटलं की माझं डोकं फिरतं, पण खरं ते खरं. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, जयंतीचे बॅनर, वाढदिवसाचे फ्लेक्स, सगळं तीच करते. तिचे वडील मिलिटरीच्या डेपोत कामगार होते आणि सुट्टीच्या दिवशी भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवायचे. पोरगी स्टेजमागं, ढोलकीच्या खोळीवर झोपून मोठी झाली.

फ्लेक्सचे कायदे तिला तोंडपाठ. वाढदिवस असला की माणूस गॉगल लावून आपल्याकडं चालत येणार आणि खाली शुभेच्छुकांच्या गोल फोटोंची रांग लागणार. त्या रांगेत एखादा राहून गेला, तर तो दुकानात येऊन माझ्याशी भांडतो, कारण प्रज्ञा कानात हेडफोन घालून बसलेली असते. जयंतीला निळा रंग, उद्घाटनाला लाल-पिवळा आणि एक फीत. मोटारसायकलवरून जाणाऱ्याला अक्षर न वाचता कळलं पाहिजे की कुणाचं काय चाललंय. एवढं जमलं की फ्लेक्स चांगला, असं ती म्हणायची.

एक दिवस चेतन सर आले. कॉलेजात मराठी शिकवतात, कीबोर्ड वाजवतात, बोलायला लागले की थांबत नाहीत. त्यांना त्रैमासिक काढायचं होतं. जिल्ह्यातल्या भीमगीतांच्या पार्ट्या, लग्नातले बँड, बेंजोवाले, यांच्यावर कुणी धड एक पान लिहीत नाही, म्हणून. नाव ठरवलं होतं 'कोरस'. मी विचारलं, वाचणार कोण? तर म्हणाले, गाणारे वाचतील. मी म्हटलं, गाणाऱ्यांना वाचायला वेळ असता तर ते गायले कशाला असते. प्रज्ञानं माझ्याकडं असं बघितलं की मी गप झेरॉक्स काढायला लागले.

सरांनी पिशवी भरून संगीताची मासिकं आणली होती. आठवडाभर आमचं दुकान म्हणजे वाचनालय झालं. शास्त्रीय गाण्याच्या मासिकावर मातकट रंग, तानपुरा, डोळे मिटलेले बुवा आणि उरलेली सगळी जागा मोकळी. सिनेमाच्या गाण्यांचं मासिक म्हणजे गुलाबी-पिवळी जत्रा, एका पानावर दहा तोंडं. आणि ते इंग्रजी गिटारवाल्यांचं, त्यावर केस पिंजारलेला एकच बाबा, आपण त्याच्या पायावरून स्कूटी नेल्यासारखा रोखून बघणारा. मासिकाचं नाव वर ठळक आणि त्याचं डोकं त्या नावावर आलेलं. मी म्हटलं, अगं नाव झाकलं की, आपल्याकडं गिऱ्हाईक पैसे देणार नाही. प्रज्ञा म्हणाली, जयाताई, तसंच करतात, नाव झाकलं तरी लोक ओळखतात असा त्याचा अर्थ. मोठा तोरा आहे म्हटलं.

सर म्हणाले, प्रत्येक संगीताचा एक पोशाख ठरलेला असतो, वाचक लांबून ओळखतो. आपल्या संगीताचा पोशाखच कुणी शिवलेला नाही, तो तू शिव. झालं, पोरीच्या अंगात आलं. जेवण नाही, चहा नाही. आतली पानं झपाझप लावली. मुलाखतीतलं एखादं वाक्य मोठ्या अक्षरात मधोमध, कार्यक्रमांच्या बातम्या कडेच्या निळ्या पट्टीत. बँडच्या परीक्षणाला इंग्रजी मासिकासारख्या चांदण्या द्यायच्या होत्या, त्या तिनं काढून टाकल्या. तीन चांदण्या मिळालेला बँडमास्तर थेट आपल्या दारात ट्रम्पेट घेऊन उभा राहील, म्हणाली. हे मात्र मला पटलं.

राहिलं कव्हर. सरांच्या डोक्यात रंभाजी होते. रंभाजी म्हणजे प्रज्ञाचे वडील ढोलकी वाजवायचे त्याच पार्टीचे मुख्य गायक, फेटा, भारदस्त मिशी, जिल्ह्यात नाव. प्रज्ञानं सरळ सांगितलं, कव्हरवर सुमनबाई. सर गोंधळले. कोण सुमनबाई, हे त्यांना आठवेचना, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. सुमनबाई रंभाजींच्या मागं कोरसला उभ्या राहतात. अख्खं आयुष्य राहिल्या. पोस्टरवर त्यांचं नाव कधी आलं नाही, 'आणि सहकारी' एवढंच यायचं. पण रंभाजींचा दम संपतो तिथं गाणं खाली पडत नाही, ते बाईंच्या आवाजानं धरलेलं असतं. प्रज्ञानं ते लहानपणापासून स्टेजच्या मागून ऐकलं होतं. मासिकाचं नाव कोरस आणि कव्हरवर कोरसवाली नाही, तर मला हे काम नको, म्हणाली. एवढी शांत पोरगी, पण त्या दिवशी तिचा आवाज चढला. सरांनी मान्य केलं.

मग ती बाईंच्या घरी गेली आणि फोटो काढून आणला. काय फोटो होता म्हणून सांगू. कृष्णधवल, मागं साधी भिंत, बाई समोर शांत बघतायत, चेहऱ्यावरची रेघ न् रेघ दिसतेय. डोक्यावरचा पदर 'कोरस'च्या अक्षरांवर आलेला. खाली फक्त नाव. माझ्यासारखीला त्यातलं काही कळत नाही, पण मीही गिऱ्हाईक तसंच उभं ठेवून बघत राहिले. चेतन सरांना इतका आनंद झाला की त्यांनी ते कव्हर उचललं आणि पार्टीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. खाली 'कसं वाटतंय, कळवा' असं लिहिणार होते, तेवढ्यात त्यांच्या तासाची घंटा झाली.

आता आमच्याकडं एकट्या बाईचा मोठा फोटो, तोही रंग नसलेला, शांत चेहरा, खाली नाव, दुसऱ्या कुणाचं तोंड नाही, हे कधी छापतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मोटारसायकलवरच्या माणसालाही ठाऊक आहे. पहिल्याच माणसानं हात जोडून 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं, आणि मग काय विचारता. ज्याला त्याला दुसऱ्याच्या आधी लिहायची घाई. वरती 'कोरस' लिहिलंय, ते का, हे एकानंही विचारलं नाही.

सरांचा तास सुटेपर्यंत बाईंच्या माहेरचे लोक घोडेगावहून टेम्पो करून निघाले होते. आम्हाला कळल्यावर आम्ही दुकान उघडं टाकून बाईंच्या घरी पळालो. दारात चपलांचा ढीग, आत रडारड. बाईंचा मुलगा नितीन एमआयडीसीतून अर्ध्या पाळीत धावत आलेला. विहीणबाई तर हार घेऊन आल्या होत्या. आणि सुमनबाई कुठं? दळण आणायला गेल्या होत्या. पिठाचा डबा डोक्यावर घेऊन त्या दारात आल्या आणि विचारलं, "कोन गेलं गं?"

विहीणबाईंची बोबडी वळली. एकजण उठून पळाला तो चप्पल विसरून. मी हसू दाबायला पदर तोंडात कोंबला आणि शेजारी प्रज्ञा पांढरीफटक पडलेली. नितीनला कळलं की आई जिवंत आहे, तसा तो आधी आईच्या गळ्यात पडला आणि मग प्रज्ञाच्या अंगावर आला. त्याचा राग मी समजू शकते. म्हणाला, आईला असं मारून टाकलंत, आता तिचा फोटो कुठंच छापायचा नाही, छापायचाच तर खाली आमचं सगळं घर लाव आणि शुभेच्छुक म्हणून पार्टीचे सगळे लाव, म्हणजे लोकांना वाढदिवस तरी वाटेल. प्रज्ञा रडत होती, पण मान नाहीच म्हणत होती. त्या पानावर सुमनबाईंशिवाय कुणी असणार नाही, म्हणाली. नितीन म्हणाला, मग फोटोच नाही. विषय संपला.

बाईंना मात्र दोघांपैकी कुणीच काही विचारलं नाही, त्या पीठ चाळत बसल्या होत्या.

चेतन सर पडलेल्या चेहऱ्यानं रंभाजींचा फेट्यातला फोटो घेऊन आले. छपाईची तारीख डोक्यावर आली होती, दुसरा इलाज नव्हता. प्रज्ञानं तो फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि तशीच बघत बसली. मी सगळे लाड केले, भेळ आणली, शिव्या घातल्या. म्हटलं, अगं गिटारवाल्याला शोभतं ते आपल्याला कसं शोभेल, तिकडं गप्प बसलेला माणूस रुबाबदार दिसतो, इकडं तो गेलेला दिसतो. ती एकदम माझ्याकडं वळली. म्हणाली, ताई, पुन्हा बोला. मी काय पुन्हा बोलणार, मी बोलून विसरते.

तेवढ्यात सुमनबाई दुकानात आल्या. आधारकार्डाची झेरॉक्स हवी होती म्हणे. मी काढून दिली तरी जाईनात. मग प्रज्ञाच्या खुर्चीजवळ गेल्या, स्क्रीनवरचे रंभाजी बघितले आणि म्हणाल्या, "मला काडून टाकलं व्हय?"

प्रज्ञा म्हणाली, नितीनदादा नको म्हणतात.

"त्याला काय इचारती? गळा माझा हाय." बाई स्टुलावर टेकल्या. "त्या दिवशी मी दारात पिठाचा डबा घिऊन हुते, तवा आदी जरा वेळ तशीच उभी राह्यले. मानसं काय बोलत्यात ते ऐकलं. लई गुनाची हुती म्हनत हुत्या. कुनाला उलटून बोलली न्हाई, हाताला चव हुती. समदं म्हनल्या. गायची, आसं येक जन बी म्हनलं न्हाई गं."

मी झेरॉक्सचे पैसे घेतले नाहीत, आणि ते माझ्याकडून क्वचित होतं.

प्रज्ञानं डोळे पुसले आणि कॅमेरा काढला. मावशी, उठा, म्हणाली, गप्प बसलेला फोटो नको, गातानाचा हवा. तोंड उघडं, हात वर, गळ्याच्या शिरा दिसल्या पाहिजेत. बाई दारातल्या उजेडात उभ्या राहिल्या. पदर खोचला, कानावर हात ठेवला. आणि गप्प. प्रज्ञा म्हणाली, गा ना. बाईंनी श्वास घेतला, पुन्हा गप्प. चेहऱ्यावर घाम आला. मला कळेना, झालं काय. मग बाईच कसंनुसं हसून म्हणाल्या की सुरुवात कधी केलीच नाही, पहिली ओळ रंभाजी देतात, मग आमी उचलतो. कुणी ओळ दिल्याशिवाय गळा उघडतच नाही.

प्रज्ञानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, शक्य नाही. माझा आवाज ऐकून लहानपणी शाळेतल्या बाईंनी मला प्रार्थनेच्या रांगेत नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. पण पोरीचं तोंड बघवेना. म्हणून मी त्यांच्याच पार्टीचं गाणं सुरू केलं, दर जयंतीला म्हणतात ते. पहिल्याच शब्दाला समोरचा चहावाला बाहेर आला. दुसऱ्या शब्दाला सूर कुठं गेला ते मलाही समजलं नाही. सुमनबाईंच्या कपाळावर आठी पडली. एक ओळ त्यांनी कशीबशी सोसली. मग हात उगारून मला थांबवलं आणि माझ्या तोंडातून गाणं हिसकावून घेतलं.

काय लागला तो आवाज. मधली नाही, उचललेली नाही, पहिल्या शब्दापासून स्वतःची ओळ. बाजारातली माणसं जागच्या जागी थांबली. सायकली टेकल्या, भाजीवालीनं तराजू खाली ठेवला. बाईंचं तोंड सताड उघडं, समोरचा दात नाही तो दिसतोय, हात आभाळात, निळं लुगडं वाऱ्यावर. प्रज्ञा गुडघ्यावर बसून फोटो काढत होती आणि रडत होती आणि हसत होती.

तो फोटो कव्हरवर गेला. रंगात, जयंतीच्या निळ्यात. एकटी बाई, डोकं थेट मासिकाच्या नावावर, गिटारवाल्याच्या तोऱ्यात. पण नजर रोखलेली नाही, गाणं थेट तुमच्या अंगावर येतंय. खाली नाव, आणि नावाखाली 'गायिका'. छापायच्या आधी प्रज्ञानं तो कागद बाईंच्या घरी नेऊन नितीनच्या हातात दिला. त्यानं बराच वेळ बघितला, म्हणाला, आईचा दात पडलाय ते दिसतंय. मग म्हणाला, राहू दे, आईच दिसतेय.

अंक आला आणि दुकानासमोर रांग लागली. विहीणबाईंनी गठ्ठाभर घेतले, त्या दिवशीच्या हाराची भरपाई म्हणून. रस्त्यानं जाणारा मोटारसायकलवाला ब्रेक लावून विचारत होता, ही कोण गाते? मेली का, असं एकानंही विचारलं नाही. अकोले तालुक्यातल्या राजूरहून एका बँडमास्तरानं फोन केला की पुढच्या कव्हरवर आमचा क्लॅरिनेटवाला घ्या, वाजवताना घ्या. प्रज्ञा फोनवर इतक्या रुबाबात बोलली की मला वाटलं ही मुंबईचीच.

प्रकाशन समाजमंदिरात झालं. हॉल भरला, दारात माणसं. पार्टी गाणार होती. सुमनबाई स्टेजवर चढल्या आणि सवयीनं मागच्या ओळीत जाऊन उभ्या राहिल्या. रंभाजी पुढं माईकपाशी आले, हॉलकडं बघितलं, लोकांच्या हातातली कव्हरं बघितली. माणूस मानी आहे, मला वाटलं आता काही तरी लागेल असं बोलतो. तो माईकचा स्टँड उचलून मागं गेला, बाईंसमोर ठेवला आणि स्वतः त्यांच्या मागं जाऊन उभा राहिला.

"सुमनबाई, आज ओळ तुम्ही द्या. आम्ही उचलतो."

बाईंनी एकदा प्रज्ञाकडं बघितलं. कानावर हात ठेवला. मी मनात म्हटलं, अडकली तर पुन्हा मला उठावं लागतंय, आणि या हॉलमध्ये ते होता कामा नये. पण तशी वेळच आली नाही. बाईंनी ओळ दिली. आणि ती उचलायला अख्खं भिंगार उभं राहिलं, पहिल्या रांगेत नितीन सगळ्यात मोठ्यानं. मागं रंभाजी बिचारे दोनदा चुकले, कारण त्यांना कोरसची सवय नव्हती.