एक डिस्क, तीन सिस्टिम

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात भंगार साचतं, तसे किस्सेही साचतात. भंगार निदान कोणी घेऊन तरी जातो. किस्से आपणच सांगून टाकावे लागतात!

लाखनीत हायवेला लागून माझं दुकान. विंडोज आणा, मॅक आणा, लिनक्स आणा, बॅकअप माझ्या एकाच एक्स्टर्नल डिस्कवर. लोक म्हणतात, "ताई, गडबड होईन!" होत नाही. तिघांना तीन वेगळे भाग करून दिलेत.

हे मी सासऱ्यांना समजावून सांगितलं. जन्मभर धान पिकवलेला माणूस. म्हणाले, "समजलं. एकच वावर, मधात धुरे घातले." धुरे म्हणजे बांध. मी खूश! पण ते पुढं म्हणाले, "मंग भांडण कवा होते?"

होतं ना! विंडोजला लिनक्सचा भाग वाचता येत नाही. दिसला की लगेच विचारते, फॉरमॅट करू का? म्हणजे सगळं पुसू का? एका राइस मिलचे भाऊ हे बघत होते. म्हणाले, "जे वाचता येत नाही ते पुसून टाकते? आमचा जुना मॅनेजर असाच होता!"

नितेश लग्नाचे फोटो काढतो. त्याच्याकडे मॅक. "ताई, मॅक कधी खराब होत नाही," हे त्याचं ठरलेलं. मी तरी बळेच बॅकअप घेतला. पुढं वरठीच्या एका लग्नात मॅकवर कढी सांडली. त्याचा फोन आला, "ताई, मॅक खराब नाही झाला. फक्त चालू होऊन नाही राहिला!"

कॉलेजच्या एका सरांच्या लॅपटॉपमध्ये विंडोज आणि लिनक्स, दोन्ही. "घरच्या मॅडमले लिनक्स येत नाही, म्हणून माझ्या फाइली तिकडं ठेवतो," सर हसून म्हणाले. बॅकअप सुरू केला, तर लिनक्समध्ये मॅडमच्या नावाचं भलंमोठं फोल्डर! सर स्क्रीनजवळ वाकले. मग हळूच, "ताई, हिले लिनक्स कवा आलं?"

आणि आंबागडचे काका. काकू वारल्या होत्या. त्यांच्या आवाजातली रोवण्याची, म्हणजे भातलावणीची गाणी मुलीच्या लिनक्सवाल्या लॅपटॉपमध्ये होती, आणि तो लॅपटॉप बंद पडला. पण पुण्याला जाण्याआधी मुलीनं माझ्याकडे बॅकअप घेऊन ठेवला होता. काका दुकानात आले, तशी मी खुर्ची पुढं केली. "नाही बाई, उभाच बरा."

सवयीनं डिस्क दुकानातल्या विंडोजला लावली. विंडोजनं विचारलंच.

"काय म्हणून राहिली हे?"

"पुसू काय म्हणते, काका."

काकांनी थेट स्क्रीनवर हात ठेवला. "नाही म्हण बाई! पहिले नाही म्हण!"

'नाही' दाबलं. डिस्क काढून माझ्या लिनक्सच्या लॅपटॉपला जोडली. फाइल सापडली. काकूंचा आवाज दुकानभर पसरला. काका स्क्रीनकडे नाही, स्पीकरकडे बघत होते. एक कडवं संपलं, आणि गाणं मधेच थांबवून त्याच आवाजात,

"अवो, उभे काहून रायले जी? बसा न!"

काका बसले.