रांगेतला कडेचा माणूस

तोम्स्कला मी आलो तो प्रवासवर्णन लिहायला. वर्णन राहिलं आणि मीही इथेच राहिलो. वडिलांचं नाव वासुदेव, म्हणून इथल्या लोकांना मी मंगेश वासिल्येविच. आपल्याला रशियन पुरती येते, हा समज मी वर्षानुवर्षं एकट्याने जपलाय.

शेजारचे अफनासी लुकिच जन्मभर जंगलावरून हेलिकॉप्टर उडवत आले. आता त्यांच्याकडे जुनी निवा गाडी आणि नदीपलीकडे दाचा, म्हणजे एक लाकडी खोली नि बटाट्यांपुरती जमीन. त्या दिवशी डोळे तपासून घ्यायचे होते. नापास झाले, तर गाडीचा परवाना गेला, आणि गाडीविना दाचाही.

"परवाना गेला की माणूस खिडकीशी बसतो," ते म्हणाले, "आणि बायको त्याला कुंडीसारखं पाणी घालते."

म्हणून आधाराला त्यांनी मला नेलं. तिथेच चुकले.

दवाखान्यात शिरताच, रांगेत आपला नंबर लावायच्या इथल्या रिवाजाप्रमाणे, मी खणखणीत विचारलं, "शेवटचं कोण?"

लुकिचनी माझी बाही ओढली. "थू थू थू! अरे, आज तरी तो शब्द नको! उडणारा माणूस 'शेवटचं' म्हणत नाही, म्हटलं की तेच उड्डाण शेवटचं ठरतं. 'कडेचं कोण' म्हणावं."

"कडेचं?" हिरव्या रुमालातल्या एक निवृत्त शिक्षिका कडाडल्या. "कडेला बाक असतो. रांगेत शेवटचाच असतो! आणि शेवटची मी आहे."

म्हणजे आमचा नंबर बाईंच्या मागे. एवढं लक्षात ठेवणं हेच माझं काम. पण व्याकरणाचा वाद निघाल्यावर मी गप्प बसतोय थोडाच! म्हटलं, "मराठीत दोन्ही चालतं."

"तुमच्या रशियनमध्ये तर सगळंच चालतं," बाई म्हणाल्या. अख्खी रांग हसली.

मी झणझणीत उत्तर जुळवत बसलो. तेवढ्यात बाई आत जाऊन आल्या आणि त्यांच्या पाठोपाठ आमच्या मागून आलेली सगळी मंडळीही. लुकिच डोळे मिटून तक्त्यावरची अक्षरं घोकत होते: "श, ब, म, न, क..."

उरलो आम्ही दोघं. नर्सने दार उघडलं. "शेवटचं कोण? लवकर या, डॉक्टर निघाल्यात."

लुकिच उठेनात. चेहरा पांढराफटक. "शेवटचा म्हणून मी जायचा नाही. मग दाचा गेला तरी बेहत्तर."

मी हात वर केला. "शेवटचा मी. हे माझ्या आधीचे."

ते ताठ उठले, आत गेले आणि हसत बाहेर आले. पास! मी त्यांचा कोट पुढे केला, तोच नर्स म्हणाली, "चला, शेवटचे!"

"अहो, मी आपला सोबतीला..."

"शेवटचे आहात ना? मग या."

मला तक्त्यावरचा वरचा 'श' तेवढा ओळखू आला. खाली नुसत्या मुंग्या. डोळ्यांत थेंब घालून आणि चष्म्याचा नंबर हातात देऊन त्यांनी मला बाहेर काढलं.

घरी आणलं लुकिचनी, निवातून, शीळ घालत. गाडीत शीळ घालणं हाही इथे अपशकुनच, हे मात्र ते विसरले होते.

"बघितलंस ना, शब्द कसा लागतो ते?"

"कुठलं बघतोय!" मी म्हणालो. समोर सगळं शहर धुक्यात विरघळलं होतं, आणि ती अक्षरं त्यांनी पाठ केली होती, हे मला आत्ता आठवत होतं.