मागच्या जिन्याचा नळ

पाणी पिण्याआधी काका भांडं नाकाशी न्यायचे.

रस्त्याने चालताना माणसांकडे कमी आणि जमिनीकडे जास्त बघायचे. लोखंडी झाकणावर कधी पाय द्यायचे नाहीत, वळसा घालायचे.

नळ बंद करताना ओठांत आटे मोजायचे.

लग्नाच्या हॉलवर गेले की आधी पाण्याच्या पिंपाचं झाकण उचलून आत डोकवायचे. त्यांच्या पत्नी राधाकाकू लाजेने दुसरीकडे बघायच्या.

कोणाच्याही घरी पुढ्यात पाणी आलं, तर तहान नसली तरी सगळं प्यायचे. तळाशी घोटभरही ठेवायचे नाहीत.

घोडपदेवच्या आमच्या चाळीत धम्मपाल तांबे यांना सगळे काका म्हणायचे. वय त्रेसष्ट. पाणी खात्यात एकतीस वर्षं चावीवाले होते. म्हणजे खांद्यावर लांबलचक लोखंडी चावी घेऊन गल्लोगल्ली फिरायचं, रस्त्याखालचे व्हॉल्व्ह उघडायचे आणि मिटायचे. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी येणार, हे या माणसाच्या मनगटावर होतं. निवृत्त झाल्यावर चावी ऑफिसात जमा केली. मनगट तेवढं राहिलं.

चाळीला दोन जिने आहेत. पुढच्या जिन्यावर कोकणातली बिऱ्हाडं, मागच्या जिन्यावर बौद्धांची. ही वाटणी कोणी केली, हे कोणाला सांगता येत नाही. होती ती तशीच राहिली. प्रत्येक जिन्याला तळमजल्यावर आपापला नळ. संध्याकाळी सहाला पाणी येतं, साडेसातला जातं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मागच्या नळाची पहिली बादली वास मारू लागली. काकांनी स्वतः वॉर्ड ऑफिसात जाऊन तक्रार दिली. नमुना घ्यायला माणूस आला. त्याने नळाचं तोंड ज्योतीवर तापवलं आणि बाटली भरून नेली. काका शेजारी उभे राहून प्रीतीला समजावत होते. प्रीती त्यांच्या शेजारच्या खोलीतली, तिची आरोही सहा वर्षांची.

"पाणी गेलं की पाइप रिकामा होतो. आणि रिकामा पाइप गप्प बसत नाही. कुठे भोक असलं की बाहेरचं आत ओढतो. बाहेर काय, तर गटार."

"पण काका, दोन बादल्यांनंतर स्वच्छ येतं."

"स्वच्छ दिसतं. जंतू दिसत नसतात, पोरी. उकळून घे."

चौथ्या दिवशी अहवाल आला. पाण्यात ई-कोलाय, म्हणजे मैल्यातले जंतू, पिण्यास अयोग्य. चाळ कमिटीने कागद फळ्यावर लावला. इथवर सगळं सरळ होतं.

त्या संध्याकाळी नळावर भांडी लागली होती. मुलं अंगणात क्रिकेट खेळून घामाघूम झालेली. त्यातली दोघं ओंजळ धरून मागच्या नळाकडे धावली. पुढच्या जिन्याच्या गॅलरीतून धोंडू परबांनी हाक मारली. धोंडू आणि काका चाळीस वर्षांचे दोस्त. रोज दुपारी दोघांचा कॅरम, आणि रोज शिव्या.

"पोरांनू, मागच्या लोकांचा पाणी पिव नकात. घाण आसा ता. हय येवा."

काकांचा हात हंड्यावरच थांबला.

धोंडूला नळ म्हणायचं होतं. तोंडातून लोक निघालं. काकांना हे कळत नव्हतं असं नाही. पण काही वाक्यं कानात शिरण्याआधीच अंगात शिरलेली असतात. काकांचे आजोबा महाडला गेले होते. तळ्याचं पाणी प्यायले आणि डोकं फोडून घेऊन परत आले. घरात कोणी रडलं, रुसलं, की ती गोष्ट निघायची. त्या घरात पाणी म्हणजे नुसतं पाणी नव्हतं.

काकांनी राधाकाकूंच्या हातातला तांब्या घेतला. नळाखाली धरला. नाकाशी नेला नाही. सगळ्यांच्या देखत एका दमात रिकामा केला आणि वर बघितलं.

"धोंड्या, बघ. मेलो काय?"

"अरे बाबा, मी तसा खय म्हटलंय?"

"मग कसं म्हणालास?"

धोंडू गॅलरीत उभे राहिले. नळावर कोणीतरी टाळी वाजवली.

खोलीत आल्यावर काकू म्हणाल्या, "अहो, तुम्हीच सांगता ना लोकांना, उकळा म्हणून?"

"आजोबा प्यायले ते पाणी काय उकळलेलं होतं?"

"ते तळ्याचं होतं," काकू म्हणाल्या. "हे गटाराचं आहे."

दुसऱ्या दिवसापासून कॅरम बंद झाला.

अकराव्या दिवशी ताप आला. काकांनी तो लपवला. अंगात स्वेटर घातला आणि म्हणाले, थंडी पडलीय. मेडिकलमधून गोळ्या आणून खिशात ठेवल्या. डॉक्टरकडे चला म्हटलं की ओरडायचे. काकूंच्या लक्षात आलं होतं, पण त्या नवऱ्याला ओळखून होत्या. ताप कबूल केला असता तर धोंडूचं वाक्य खरं ठरलं असतं. गॅलरीत धोंडू दिसले की काका ताठ चालायचे. जिन्याच्या आडोशाला आल्यावर कठडा धरायचे.

मग आरोहीला ताप आला. आठवडाभर उतरेना. टायफॉइड निघाला, हॉस्पिटलात ठेवावं लागलं. काका तिला बघायला गेले. पोरगी वाळून गेली होती. सलाइनच्या हाताखाली उशी ठेवलेली. प्रीती कॉटजवळ स्टुलावर बसली होती. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही प्यायलात ना काका त्या दिवशी. मला वाटलं, तुम्हाला कळतं त्यातलं. मी उकळायचं सोडलं."

काका घरी आले ते भिंतीला धरून. त्या दिवशी त्यांनी ताप कबूल केला. उद्या डॉक्टरकडे जातो म्हणाले. आधी एक काम आहे.

पाइपाला भोक कुठे आहे ते शोधायला अंगणात चार दिवस खोदकाम चाललं होतं. मागच्या जिन्याची लाइन चाळीच्या जुन्या मालकाने टाकलेली. कुठल्याच कागदावर तिची खूण नव्हती. ऑफिसातला तरुण इंजिनिअर अंदाजाने खड्डे पाडत होता आणि प्रत्येक खड्ड्यात नुसती माती निघत होती. ती लाइन कुठून जाते, हे बघितलेला एकच माणूस जिवंत होता. त्याला कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यानेही आपणहून सांगितलं नव्हतं. सांगायचं म्हणजे पाणी घाण आहे असं म्हणावं लागलं असतं.

काकांनी इंजिनिअरला फोन केला. "साहेब, उद्या सकाळी नकाशा देतो."

कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून ते जमिनीवर बसले. दुपारी चारच्या सुमाराला पोटात कळ आली. काकूंनी हाका मारल्या, तेव्हा पहिल्यांदा धावले ते धोंडू. टॅक्सीत काकांचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं.

टायफॉइडने आतड्याला भोक पडलं होतं. ऑपरेशन झालं. तोंडाने काही द्यायचं नाही, नर्सने बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी काका शुद्धीवर आले, तेव्हा जवळ धोंडूच होते.

"धोंड्या, पाणी दे."

"नाय देवचा म्हणून सांगितला हा रे."

"घोटभर."

धोंडूंनी कापूस भिजवून त्यांच्या ओठांवर फिरवला. काकांनी तो चोखायचा प्रयत्न केला. धोंडूंनी हात मागे घेतला. नंतर ते बाहेर येऊन जिन्यात बसले.

तिसऱ्या दिवशी पहाटे काका गेले. आरोही त्याच आठवड्यात घरी आली.

कॅलेंडरचं पान काकूंनी इंजिनिअरला दिलं. त्याने मोबाइलवर फोटो काढून घेतला. रेघ जाड आहे, तापातल्या हाताने काढलेली वाटत नाही. गेटपासून सतरा पावलं. मीटरच्या खोलीला वळसा. तिथून गटाराच्या बाजूने नऊ पावलं. मग ती डावीकडे वळते. त्या भागात पूर्वी मोकळी जागा होती, आता संडासांची नवी रांग आहे. त्यामुळे काकांनी तिथे खाडाखोड केली आहे आणि नव्याने लिहायला घेतलं आहे.

'संडासाच्या भिंतीपासून' एवढं लिहिलं आहे. पुढे आकडा नाही.