पेटीवाल्यांची वही

त्या वर्षी मी तीन शाली विकत घेतल्या आणि तिन्ही दुसऱ्यांच्या खांद्यावर घातल्या. आमच्या केबल ब्रॉडबँड कंपनीच्या वर्ध्याच्या ऑफिसातून कोणी साहेब नोकरी सोडून चालला की शाल-श्रीफळ आणायचं काम माझं, आणि निरोपाचे दोन शब्द बोलायचं कामही माझंच. संक्रांतीनंतर मार्केटिंगचे साहेब गेले, होळी झाली तसे हिशेबाचे गेले. तिसऱ्या खेपेला दुकानदारानं नारळ कानाशी हलवत विचारलं, आता कोण चाललं? मला त्याचा असा राग आला की पिशवी ओढून घेतली आणि उत्तर न देता निघाले.

मी तक्रारींचा फोन घेते, चौदा वर्षं झाली. साहेब लोक निघू लागल्यापासून माझं कशात लक्ष लागेना. खुर्चीत बसलं की पाय आपोआप हलायचा. उठून पाणी प्यायचं, खिडकीशी जायचं, परत यायचं. रिकाम्या केबिनमधले एसी मी संध्याकाळी बंद करून जायची आणि सकाळी आले की ते चालूच असायचे, कोणासाठी देव जाणे. मोठ्या कंपन्यांनी गल्लीबोळात फायबर टाकून ठेवलेलं. आमचे मालक नागपूरला बसतात. ते कंपनी विकणार ही बातमी रोज चहासोबत यायची आणि कप विसळेपर्यंत खोटी ठरायची. खरं काय ते आजही कोणाला ठाऊक नाही.

पण तिसरी शाल टेक्निकलच्या साहेबांची होती आणि ती मला झोंबली. कारण निम्म्या शहरातल्या तारा त्यांनी माझ्यासमोर ओढलेल्या.

नेटची तार काही ऑफिसातून निघून सरळ तुमच्या घरात येत नाही. मध्ये मध्ये पेट्या बसवाव्या लागतात आणि पेटीला चोवीस तास वीज लागते. तेव्हा ज्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉटच्या वस्तीत, तार न्यायची तिथलं एखादं भलं घर आम्ही शोधायचो. पेटी तुमच्या जिन्याखाली, वीज तुमची, बदल्यात तुमचं नेट कायमचं फुकट. साहेब स्कूटर चालवायचे, मागे मी. शब्द साहेब द्यायचे. घर कुठलं, किल्ली कोणाकडे असते, दुपारी कोण झोपतं, कुत्रं बांधलेलं असतं का, हे सगळं मी वहीत लिहायची. करार-बिरार काही नाही, कुठली पेटी कुठल्या घरात ते फक्त माझ्या वहीत. कंप्युटरवर ही घरं नुसती फुकट ग्राहक म्हणून दिसत. एखाद्या भागातली लाइन बसली की मी वही उघडायची आणि त्या घरी फोन लावायची, काकू, जिन्याखालचा हिरवा दिवा लागलाय का जरा बघता का. साहेब आणि मी त्यांना पेटीवाले म्हणायचो.

सावंगीच्या रस्त्यावरचे पेटीवाले म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले एक सर. फोन उचलला की आधी जय भीम, मग हालहवाल, मग दिवा. दसऱ्याला दीक्षाभूमीला जायचे तेव्हा आदल्या दिवशी मला आठवणीनं कळवायचे की किल्ली शेजारी ठेवली आहे. मेडिकल कॉलेजच्या बाजूची सगळी वस्ती त्यांच्या पेटीवर चालायची. भाड्याच्या खोल्यांतल्या नर्सिंगच्या मुली, शिकाऊ डॉक्टर, मेसवाले. आमचे सगळ्यात जास्त ग्राहक तिथलेच.

निरोप समारंभ झाला, समोसे संपले. साहेबांनी मला जिन्यात गाठलं. ते एका मोठ्या कंपनीत चालले होते.

"इथं आता काई ठेवलं नाई," ते म्हणाले. "महिनाभरात तुले बोलावतो. तुयी जागा पक्की. वही मात्र सोबत घेऊन येजो."

अधिक सांगायची गरज नव्हती. वही हाती आली की त्यांची माणसं त्याच जिन्यांखाली आपल्या पेट्या ठेवून मोकळी होणार होती, आणि आमचं दुकान बंद. मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते माझं मलाच कळलं नाही. घरी गेले तर भाजीत मीठ दोनदा पडलं.

नवे मॅनेजर पुण्याहून आले. माणूस वाईट नव्हता. सगळ्यांना अहो-जाहो करायचा, पाण्याची बाटली घरून आणायचा. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या नजरेस फुकट ग्राहकांची यादी पडली. मीटिंगमध्ये त्यांनी विचारलं, एवढी घरं फुकट कशी काय? सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, जुन्या साहेबांच्या ओळखीपाळखीची असतील. मग एक तारखेपासून सगळी बंद करा, असं ते म्हणाले आणि पुढच्या विषयाकडे वळले. मी मूग गिळून बसले.

का बसले ते आज सांगते, तेव्हा स्वतःलाही सांगितलं नव्हतं. कंपनी आपल्या कर्मानं बुडाली तर माझं जाणं कोणाला खुपणार नव्हतं. वही घेऊन गेले तर गद्दार, पण बुडत्या नावेतून उतरले तर शहाणी. एवढा सोपा हिशेब होता.

मे महिन्याची एक तारीख उजाडली. दहाच्या आत आर्वी रस्त्यावरच्या एका लेआउटमधले फोन सुरू झाले, सगळ्यांचं नेट एकदम गेलेलं. मला कळलं, पेटीवाल्या काकूंनी बटण दाबलं. त्यांचं काय चुकलं? तुम्ही शब्द मोडलात, त्यांनी वीज तोडली. बारापर्यंत आणखी दोन भाग गेले. लाइनमन बिचारे उन्हात तुटलेली तार शोधत फिरत होते आणि मी फोनवर काम चालू आहे, काम चालू आहे, असं म्हणत होते.

सावंगी मात्र चालूच. माझ्या स्क्रीनवर त्या बाजूची लाइन हिरवी. एक वाजला, दोन वाजले. सगळ्यात आधी तीच जाईल असं मी धरून चालले होते. बंद पडलेल्या तीन भागांपेक्षा त्या एका चालू भागानं माझा जीव खाल्ला. डबा उघडला आणि तसाच मिटला. सर घरी नाहीत की काय? त्यांचं काही बरंवाईट? साध्या एका फोनचं काम होतं, पण हात पुढे होईना. चारला मी चावी उचलली आणि स्कूटर काढली.

सर अंगणात कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतत होते. जिन्याखाली पेटी गुणगुणत होती, हिरवा दिवा लागलेला. त्यांनी मला माठातलं पाणी दिलं. मी साळसूदपणे विचारलं, सर, तुमचं नेट चालू आहे का? सकाळपासून बंद आहे, ते म्हणाले. हैदराबादची लेक रोज दुपारी व्हिडिओवर दिसायची, तीही आज दिसली नव्हती.

"मंग पेटी काऊन चालू ठेवली सर?"

"माह्यं बंद झालं म्हून त्या पोरीयचं काऊन बंद करू? त्यायचे पेपर चालू हायेत." त्यांनी रिकामी बादली पालथी घातली. "अन् मले वाटलं, तुमचा फोन येईन. आजवर लाइनीत काई झालं अन् तुमचा फोन नाई आला, असं कधी झालंच नाई. म्हून सकाळपासून फोन जवळच घेऊन बसलो."

मला माझी लाज वाटली. आम्ही दोघंही दिवसभर फोनपाशीच बसलो होतो. ते माझ्या फोनची वाट बघत होते आणि मी त्यांनी बटण बंद करण्याची. पेला हातात तसाच राहिला.

"सारे साहेब जाऊन राह्यले म्हणतात," ते म्हणाले. "तुमी बी चालल्या का बाई?"

"नाई सर," मी म्हटलं. तोंडातून निघालं तेव्हाच मलाही कळलं.

ऑफिसात परतले तर मॅनेजर केबिनमध्ये घामाघूम होऊन मालकांशी फोनवर बोलत होते, एसी चालू असून. त्यांनी फोन ठेवल्यावर मी टेबलावर वही ठेवली आणि पेट्यांची सगळी कथा सांगितली. मध्ये जुन्या साहेबांचा फोन दोनदा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी बाहेर जाऊन उचलला आणि येत नाही म्हणून सांगितलं. ते चिडले, मूर्ख आहेस म्हणाले. असेन.

परत आत आले तर मॅनेजर पानं उलटत होते. दीड ते तीन बेल वाजवू नये. किल्ली समोरच्या टेलरकडे. ते बराच वेळ वाचत राहिले.

"हे तुम्हाला त्या दिवशी मीटिंगमध्ये माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

सबबी तयार होत्या. तुम्ही नवीन होता, कोणी नीट विचारलं नाही, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल.

"मुद्दाम," मी म्हणाले.

उद्यापासून येऊ नका असं ऐकायच्या तयारीनं मी उभी राहिले. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले, कंप्युटर स्वतःकडे वळवला आणि ती सगळी घरं पुन्हा चालू करायला घेतली. मग टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवून म्हणाले, सगळ्यांना सांगावं लागेल, पहिलं घर कोणतं?

सरांचा नंबर मला वहीत बघावा लागत नाही. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत पलीकडून आवाज आला, "जय भीम."