इथपर्यंत बरोबर

लेकीच्या गणिताच्या वहीत आज अख्ख्या पानावर एक लाल फुली दिसली. सात ओळींचं उदाहरण होतं. सहा ओळी अगदी बरोबर. शेवटच्या ओळीत कंस सोडवताना वजाचं चिन्ह तेवढं बदलायचं राहिलं होतं. "मला गणित येतच नाही," ती म्हणाली आणि तिने वही मिटून टाकली.

हीच चूक सातवीत मी रोज करायचे. पण आमच्या गणिताच्या बाई फुली मारत नसत. जिथे पायरी चुकली, त्याच्या वर बारीकशी रेघ ओढायच्या आणि शेजारी लिहायच्या, 'इथपर्यंत बरोबर'. उत्तर चुकलं म्हणून मी सगळीच चुकलेली नाही, हे मी त्या दोन शब्दांतून शिकले. गणित त्यामानाने कमीच शिकले असेन.

गेल्या महिन्यात बाईंना भेटायला गेले होते. आताशा त्यांना माणसं ओळखू येत नाहीत. बराच वेळ माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सातवी ब. खिडकीजवळचा बाक. वजा विसरणारी." मग नुसते ओठ हलले. नाव काही येईना. फळ्यासमोर अडलेल्या पोरीसारखा त्यांचा चेहरा झाला.

मी त्यांचा हात हातात घेतला. "इथपर्यंत बरोबर, बाई."

"आणि पुढचं?"

मी नाव सांगितलं. त्यांनी मान डोलावली, आणि पुन्हा पहिल्यापासून माझ्याकडे बघू लागल्या.