बर्फाचा कोरा रकाना

कश्मिरा देवधर नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्याहून टोकियोतल्या हिगाशी-कसाई भागात आली तेव्हा तिला जपानीचं अक्षरही वाचता येत नव्हतं. चार वर्षांत ती भाषा शिकली आणि एका छोट्या कंपनीत लागली. समुद्रातल्या तेलविहिरींचे सुरक्षा-अहवाल तपासणं हे तिथलं काम.

गेल्या हिवाळ्यात उत्तर ध्रुवाजवळच्या एका विहिरीचा अहवाल आला. बर्फाळ पाण्यात तेल सांडलं तर नव्वद टक्के परत गोळा होतं, असं म्हणे चाचणीत दिसलं होतं. कश्मिराला ते पटेना. बर्फाखाली शिरलेलं तेल दिसतसुद्धा नाही, मग गोळा कसं होणार? तिने मूळ नोंदी उघडल्या. पाण्याचं तापमान शून्याजवळ हवं, ते सहा अंश आणि बर्फाचा रकाना कोरा!

तिने साहेबांना विचारलं, "मुराता-सान, ही चाचणी खरंच बर्फात झाली?"

त्यांनी कागद दोनदा वाचला. "बघतो," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती फाइल तिला उघडेना. परवानगी काढून घेतली होती. शेजारच्या टेबलावरचा विलास त्या तेल कंपनीशी रोज फोनवर बोलायचा. आज तो मान वर करत नव्हता.

"विलास, तू त्यांना काही सांगितलंस?"

"मला यात ओढू नकोस, कश्मिरा."

घरी ती नवऱ्याला, सत्यजितला म्हणाली, "मुराता-सानही तेल कंपनीला सामील असतील."

"खात्री आहे तुला?"

"नाही ना! म्हणून तर आठवतंय ते सगळं वहीत उतरवतेय."

शुक्रवारी तेल कंपनीची माणसं आली. कश्मिरा वही घट्ट धरून बसली. मुराता-साननी तिचाच प्रश्न लेखी त्यांच्यापुढे ठेवला, खाली स्वतःची सही करून.

"फाइल मीच बंद केली," ते तिला म्हणाले. "कुणी आकडे बदलू नयेत म्हणून. तुम्हाला सांगितलं नाही, माफ करा."

चाचणी उन्हाळ्यात, मोकळ्या पाण्यात झाल्याचं पाहुण्यांनी कबूल केलं. 'बर्फात चाचणी नाही' असा शेरा मारून अहवाल परत गेला. त्यानंतर ती माणसं पुन्हा आली नाहीत.

"दुसरीकडे मंजुरीचा शिक्का मिळेल त्यांना," महिन्याभराने विलास म्हणाला.

"कुठे?"

"मला काय माहीत," म्हणत तो फोन घेऊन बाहेर गेला. काचेपलीकडे तो बराच वेळ हळू आवाजात बोलत होता. कश्मिरा त्याच्या ओठांवर त्या तेल कंपनीचं नाव शोधत राहिली.