नळाखाली धुतलेला माउथ ऑर्गन

ह्यांना जाऊन सव्वा महिना झाला होता आणि मी ह्यांचा फोन रोज चार्जिंगला लावत होते. का, ते विचारू नका. तो बंद पडलेला मला बघवला नसता, एवढंच.

त्या फोनवर माउथ ऑर्गनवाल्यांचा ग्रुप होता. नागपूर, गोवा, कोल्हापूर, कुठकुठली पुरुषमंडळी, एकमेकांना कधी न भेटलेली. दिवसभर तेच चऱ्हाट: अमक्या कंपनीने नवा बटणवाला काढलाय, तमक्याच्या पितळी पात्या लवकर बेसूर होतात, जुना सोळा भोकांचा कुणाला हवाय का. हे असताना मी करवादायचे. 'आधी जेवा, मग पात्यांचं बघा.' आता तीच टिंगटिंग ऐकली की बरं वाटायचं. घरात दुसरा आवाजच नव्हता. मुलगी नाशिकला, तिचा फोन रविवारी.

एका दुपारी कुणीतरी ह्यांना विचारलं, "साहेब, लाकडी पट्टीचा माउथ ऑर्गन दमट हवेत फुगतो, सूर अडकतात. काय करू?" उत्तर मला पाठ होतं. आमच्या बोईसरला समुद्राची खारी हवा आणि कारखान्यांचा धूर, पितळेला बघता बघता हिरवं चढतं. म्हणून हे आपला लाडका माउथ ऑर्गन कोरड्या तांदळात पुरून ठेवायचे. वर मला दम, पाण्याचा थेंब लावलास तर खबरदार! मी टाइप केलं, "तांदळाच्या डब्यात ठेवा. पाणी लावू नका."

लगेच उत्तर आलं, "धन्यवाद साहेब. बऱ्याच दिवसांनी दिसलात."

हे आता नाहीत याची ग्रुपवर कुणाला खबरच नव्हती. तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. कुणीतरी माझ्याशी बोललं होतं, भले ह्यांचं समजून का होईना, आणि ते मला सोडवेना. मग मी रोजच साहेब झाले. कुणी नव्या माउथ ऑर्गनचा फोटो टाकला की 'वा', कुणाची पाती तुटली की 'अरेरे'. खोटारडेपणाच तो, दुसरं काय!

पण ग्रुपचा एक नियम होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येकाने काहीतरी वाजवून पाठवायचं. लागोपाठ चार रविवार चुकले की बाहेर. मी गप्प राहून तीन रविवार काढले. चौथ्याच्या आधी ताकीद आली. ह्यांच्या फोनमध्ये ह्यांनी वाजवून ठेवलेली गाणी सापडली, ती महिन्याला एक अशी पाठवत गेले. "साहेब, क्या बात है!" सगळे म्हणाले. मेलेल्या माणसाचं कौतुक वाचून आधी हरखले, मग पदर तोंडात कोंबून रडले. शेवटी एकच उरलं. त्यात मधेच माझा आवाज होता, 'अहो, चहा गार होतोय!' आणि हे हसून वाजवायचे थांबलेले. ते मी कुणाला देणार नव्हते.

मग ठरवलं, आपणच शिकायचं. तांदळातून माउथ ऑर्गन काढला तर भोकाभोकांत सोंडे आणि भुकटी. तोंडाला लावायची वस्तू विसळल्याशिवाय लावायची नाही, हे माझ्या आईने अंगात भिनवलेलं. हात आपोआप नळाखाली गेला. भांड्यांचा साबण, जुना ब्रश, चांगला खसाखसा घासला. लख्ख झाला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! तासाभरात आतलं लाकूड टम्म फुगलं आणि फुंकर मारली तर सूरच निघेना.

मी दारातच बसले. सातपाटीची मासेवाली वर आली, तिने पाटी खाली ठेवली. "काय झाला बाय?"

"ह्यांचा माउथ ऑर्गन धुतला गं."

"धुतला तर काय झाला? मी काय रोज पाटी धुवत नाय?"

तिला काय सांगू? ह्यांचं उष्टं होतं ते. या घरात ह्यांच्या ओठांचं जे काही उरलं होतं, ते मी साबण लावून मोरीत सोडलं होतं.

आता तो वाचवायचा तर ग्रुपवरच विचारायला हवं होतं. आणि साहेबांनी माउथ ऑर्गन नळाखाली धुतला, यावर तिथलं शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नव्हतं. विचारलं तर मी उघडी पडणार, आणि दिवसभरात माझ्याशी बोलणारं तेवढंच एक ठिकाण जाणार. चार वेळा लिहून पुसलं. शेवटी पाठवलं: "मी त्यांची बायको. ते आठ महिन्यांपूर्वी गेले. इतके दिवस मीच बोलत होते. त्यांचा माउथ ऑर्गन मी पाण्याने धुतला, सूर अडकलेत. काय करू?"

 संध्याकाळी हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. एकाने तर खासगीत विचारलं, साहेबांचा बटणवाला विकणार का? मेल्याला दोन दिवस धीर नव्हता.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरचे आजोबा, ग्रुप चालवणारे, त्यांचा फोन आला. उन्हात ठेवू नका, सावलीत वाळू द्या, आठवडाभर हात लावू नका. मग म्हणाले, "वहिनी, गेलेल्या माणसाच्या नावानं बोलू नये. साहेबांचा नंबर काढतो. तुमचा घालू काय?"

मी हो म्हणाले. ह्यांच्या फोनवर एक ओळ उमटली, तुम्हाला ग्रुपमधून काढून टाकलं आहे. ती वाचून मी जितकी रडले, तितकी बाराव्यालाही रडले नव्हते.

लाकूड वाळलं. दोन सूर गेले ते गेलेच. रविवारी उरलेल्यांवर सा रे ग म वाजवलं आणि माझ्या फोनवरून पाठवलं. पहिल्यांदाच माझ्या नावाने. कौतुक कुणी केलं नाही. आजोबांचं तेवढं उत्तर आलं: "ओठांतून हवा गळते आहे. घट्ट धरा. परत वाजवून पाठवा."

आठ महिन्यांत जो तो मला 'आराम करा' म्हणत होता. 'परत करा' असं कुणी म्हटलं नव्हतं. मी ओठ पुसले आणि परत वाजवलं.